एक सोर्स कोड आणि चार प्रकारची यंत्रे: उदगीर तालुक्यातील एका वाचनालयासाठी टेसरॅक्टची बांधणी

उदगीर तालुक्यातील एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाने २०२३ च्या जानेवारीत आपला जुना छापील संग्रह संगणकावर शोधता येईल अशा स्वरूपात आणण्याचे ठरवले. संग्रहात हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या काळापासून ते साधारण १९८० पर्यंतच्या स्मरणिका, संमेलनांचे वृत्तान्त आणि बंद पडलेल्या स्थानिक नियतकालिकांचे अंक होते. पानांचे स्कॅनिंग दोन वर्षे चालू होते व त्यातील बरेच पूर्णही झाले होते. मात्र स्कॅन केलेले पान म्हणजे केवळ चित्र असल्याने एखादे नाव किंवा गाव त्यात शोधता येत नव्हते. चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारी आज्ञावली वाचनालयाच्या सर्व संगणकांवर बसवून द्यावी, अशी विनंती माझ्याकडे आली. मी लातूरच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवतो आणि सोर्स कोडपासून, म्हणजे माणसाने लिहिलेल्या मूळ मजकुरापासून, चालणाऱ्या कार्यक्रमाची बांधणी कशी करावी हे दरवर्षी फळ्यावर समजावून सांगतो. फळ्यावर ती चार ओळींत संपते. इथे तिला सव्वातीन महिने लागले.

आज्ञावली कोणती घ्यावी याबद्दल फारसा विचार करावा लागला नाही. टेसरॅक्ट हे हेवलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात विकसित झाले, २००५ मध्ये ते मुक्तस्रोत झाले, २००६ पासून अनेक वर्षे गूगलने त्याच्या विकासाला पाठबळ दिले आणि २०१८ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात अक्षरओळखीसाठी न्यूरल नेटवर्क वापरले जाते. अपाचे २.० परवान्यामुळे ते कोणालाही बांधता, बदलता आणि वाटता येते. मराठीचा प्रशिक्षित विदाही, म्हणजे मराठी अक्षरे ओळखायला शिकवलेल्या माहितीची फाइलही, त्याच्यासोबत उपलब्ध आहे.

अडचण होती ती यंत्रांची. वाचनालयात पाच संगणक होते आणि ते चार प्रकारचे होते. कार्यालयातील दोन पेंटियम संगणकांवर डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली होती. देणगीत आलेल्या एका पेंटियम ४ वर एक जीबी मेमरी आणि ३२-बिट डेबियन १० होते. स्कॅनरचा ड्रायव्हर केवळ विंडोजसाठीच मिळत असल्याने एक संगणक विंडोज १० वर चालत होता. पाचवे यंत्र रास्पबेरी पाय ४, म्हणजे एका छोट्या पट्टीवरचा संगणक, होते. ते विजेचा वापर इतका कमी करते की भारनियमनाच्या काळातही लहान इन्व्हर्टरवर रात्रभर चालू ठेवता येते, म्हणून रात्रीचे काम त्याच्याकडे द्यायचे होते.

या यंत्रांवर त्या त्या प्रणालीसोबत मिळणारे तयार टेसरॅक्ट का वापरले नाही, हा प्रश्न रास्त आहे. डेबियन १० मध्ये ४.०.० ही आवृत्ती होती, डेबियन ११ आणि त्यावर आधारलेल्या रास्पबेरी पायच्या प्रणालीत ४.१.१ होती, तर विंडोजवर एका स्वयंसेवकाने पाचवी आवृत्ती बसवून ठेवलेली होती. एरवी एवढ्या फरकाने काही बिघडले नसते. पण या संग्रहातील बराचसा भाग १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी छापलेला आहे. त्यात ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ असे अनुस्वार पानोपानी आहेत आणि खिळ्यांच्या छपाईत त्यांपैकी निम्मे पुसट झालेले आहेत. मुद्रितशोधन करणाऱ्या तीन निवृत्त शिक्षकांनी नमुन्याची शंभरेक पाने तपासून यंत्र नेमके कोठे चुकते याची एक यादी तयार केली होती आणि त्या यादीनुसार ते झपाट्याने दुरुस्त्या करत असत. आवृत्ती बदलली की चुकांची तऱ्हा बदलत होती आणि यादी निरुपयोगी ठरत होती. त्यामुळे सर्व यंत्रांवर एकच आवृत्ती हवी, एवढी एकच अट ग्रंथपालांनी घातली. मी टेसरॅक्ट ५.३.० आणि त्याला लागणारी लेप्टोनिका ही चित्रप्रक्रियेची लायब्ररी (इतर कार्यक्रमांनी वापरायच्या तयार कोडचा संच), आवृत्ती १.८२.०, अशी जोडी निश्चित केली आणि दोन्हींच्या प्रकाशित आवृत्त्यांचे सोर्स कोड उतरवून घेतले. विकासशाखेतील रोज बदलणारा कोड जाणूनबुजून टाळला.

पहिली बांधणी मी लातूरला माझ्याच लॅपटॉपवर, उबुंटू २२.०४ या लिनक्स प्रणालीवर केली. आधी लेप्टोनिका, मग टेसरॅक्ट, हा क्रम पाळला की काम सरळ होते. तो चुकला तर कॉन्फिगर ही बांधणीपूर्वी तपासणी करणारी स्क्रिप्टच ‘लेप्टोनिका १.७४ किंवा त्यापुढील आवृत्ती आवश्यक’ असे सांगून थांबते. वेग वाढावा म्हणून मी कंपायलरला, म्हणजे सोर्स कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला, एक जास्तीचा पर्याय दिला, ‘एमआर्च-नेटिव्ह’. ज्या यंत्रावर बांधणी चालू आहे त्याच्या प्रोसेसरला जेवढ्या सूचना कळतात तेवढ्या सगळ्या वापर, असा त्याचा अर्थ होतो. माझ्या लॅपटॉपवर कार्यक्रम उत्तम चालला. मी तो पेनड्राइव्हवर घेतला, उदगीरची एसटी पकडली आणि वाचनालयाच्या पेंटियमवर चालवला. तो सुरूच झाला नाही.

‘जीलिबसी २.३४ सापडत नाही’ असा पहिला संदेश आला. जीलिबसी ही लिनक्सची पायाभूत सी लायब्ररी आहे आणि तिच्यातील प्रत्येक फंक्शनवर ते कोणत्या आवृत्तीत आले याची खूण असते. ऑगस्ट २०२१ मधील २.३४ या आवृत्तीत धाग्यांची (एकाच कार्यक्रमात समांतर चालणाऱ्या कामांची) स्वतंत्र लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन करण्यात आली आणि त्याच वेळी प्रत्येक सी कार्यक्रमाच्या आरंभी लागणाऱ्या फंक्शनलाही नवी खूण मिळाली. त्यामुळे २.३५ असलेल्या उबुंटू २२.०४ वर बांधलेला अगदी दोन ओळींचा कार्यक्रमदेखील २.३१ असलेल्या डेबियन ११ वर सुरू होत नाही. उलट दिशेने मात्र काही अडत नाही, कारण नव्या प्रणाली जुन्या खुणा जपून ठेवतात. बांधणी आपल्याजवळच्या सर्वांत जुन्या प्रणालीवर करावी, हा नियम मला पाठ होता. नेमका माझ्याच कामात मी तो विसरलो.

परत आल्यावर लॅपटॉपवर डीबूटस्ट्रॅप या साधनाच्या साहाय्याने डेबियन १० चे एक बंदिस्त वातावरण उभे केले. ती पाच यंत्रांतील सर्वांत जुनी प्रणाली होती, म्हणून पेंटियम ४ आणि डेबियन ११ या दोन्हींसाठीची बांधणी तीतच करायचे ठरवले. तिच्यातील जीसीसी ८ या कंपायलरला टेसरॅक्टच्या पाचव्या आवृत्तीला लागणारे सी++१७ (सी++ भाषेचे २०१७ चे रूप) कळते, म्हणून अडचण आली नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा उदगीर गाठले. या वेळी जीलिबसीबद्दलची तक्रार नाहीशी झाली होती. पण पहिले पान दिल्याबरोबर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ (प्रोसेसरला न कळणारी सूचना) एवढे दोनच शब्द उमटले आणि कार्यक्रम मरून पडला.

या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण यात माझी चूक जितकी ढोबळ होती तितकाच तिचा तपशील सूक्ष्म आहे. कार्यालयातील ते दोन पेंटियम २०१३ नंतरचे, म्हणजे इंटेलच्या हॅसवेल पिढीतील होते. एव्हीएक्स२ या सूचनासंचाची सुरुवातच या पिढीत झाली, त्यामुळे तो या संगणकांवर असणारच असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात त्या पिढीतील पेंटियम आणि सेलेरॉन या स्वस्त मालिकांमध्ये इंटेलने एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ दोन्ही बंद ठेवले होते. पिढी सारखी असूनही प्रोसेसरची क्षमता वेगळी होती. काळ्या कसदार रानात तपासलेले बियाणे मुरमाड माळावर पेरावे, तसे मी केले होते.

‘एमआर्च-नेटिव्ह’ हा पर्याय मी दुसऱ्या बांधणीतही तसाच ठेवला होता. गंमत अशी की त्याची मुळात गरजच नव्हती. टेसरॅक्टच्या ज्या भागात सर्वाधिक आकडेमोड होते तो भाग वेगवेगळ्या सूचनासंचांसाठी वेगवेगळ्या फाइलींत लिहिलेला आहे. बांधणीत त्या सगळ्या फाइली समाविष्ट होतात आणि कार्यक्रम सुरू होताना प्रोसेसर पाहून योग्य ती निवडतो. आवृत्ती विचारल्यावर तो आपल्याला काय सापडले हेही छापतो. ‘एमआर्च-नेटिव्ह’ काढून पुन्हा बांधल्यावर लॅपटॉपवर त्याने एव्हीएक्स२, एव्हीएक्स, एफएमए आणि एसएसई ४.१ असे चौघे छापले, तर पेंटियमवर फक्त एसएसई ४.१ छापले आणि निमूटपणे काम सुरू केले. सीमेक या दुसऱ्या बांधणी-साधनाने बांधताना हा पर्याय मुळातच बंद ठेवलेला असतो आणि त्यासमोर ‘अन्य यंत्रांवर चालणार नाही’ अशा आशयाची सूचनाही लिहिलेली आहे. मी ऑटोटूल्सच्या, म्हणजे कॉन्फिगर आणि मेकच्या, मार्गाने गेलो आणि ती सूचना मला दिसलीच नाही.

दरम्यान एक लहान गोंधळ झाला, तो सांगितलाच पाहिजे. कार्यक्रम ‘युझर-लोकल’ या जागी बसवल्यानंतर त्याला स्वतःची लायब्ररी सापडेना. मी सोबत असलेल्या माझ्या विद्यार्थ्याला मोठ्याने म्हणालो, “लायब्ररी सापडत नाहीये, तिचा पत्ता सांगावा लागेल.” शेजारच्या टेबलावरून ग्रंथपाल शांतपणे म्हणाले, “सर, तुम्ही तिच्यातच बसला आहात.” ‘एलडीकॉन्फिग’ हा आदेश चालवल्यावर पत्ता नोंदला गेला.

पेंटियम ४ ची कथा वेगळी आहे. बंदिस्त वातावरणाचा मार्ग सुचण्यापूर्वी त्याची बांधणी मी त्याच यंत्रावर करून पाहिली होती. कॉन्फिगरने पहिल्याच टप्प्यावर सांगितले की नव्याने तयार केलेली फाइल मूळ फाइलींपेक्षा जुनी दिसते, संगणकाचे घड्याळ तपासा. घड्याळ १ जानेवारी २००३ दाखवत होते. मदरबोर्डवरची नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ बॅटरी केव्हाच संपली होती. तारीख हाताने लावून काम सुरू केले, तर तासाभराने वीज गेली आणि परत आल्यावर यंत्र पुन्हा २००३ मध्ये जाऊन बसले. ‘मेक’ ही आज्ञावली कोणती फाइल नव्याने कंपाइल करायची हे केवळ फाइलींच्या वेळांवरून ठरवते, त्यामुळे घड्याळ मागेपुढे झाले की तिचा सगळा हिशेब विस्कटतो. बॅटरी बदलली. मग मेमरी अपुरी पडली: चार कामे एकदम चालवण्याची सवय असल्याने मी इथेही तसेच केले आणि लिनक्सने कंपायलरची प्रक्रिया मध्येच मारून टाकली. संदेशात ‘कंपायलरची अंतर्गत त्रुटी’ असे शब्द येतात आणि नवख्याला कंपायलरच बिघडला असे वाटते. कारण मात्र एवढेच की एक जीबीत चार प्रक्रिया मावत नाहीत. अखेरीस ती बांधणी लॅपटॉपवरच, डेबियन १० च्या ३२-बिट वातावरणात केली. ६४-बिट प्रोसेसर ३२-बिट कार्यक्रम थेट चालवतो, म्हणून वीस वर्षे जुन्या यंत्राला कंपाइल करण्याचा त्रास द्यायचे कारणच उरत नाही. मात्र अशा वातावरणातही कर्नल (प्रणालीचा मूळ भाग) स्वतःची ओळख ६४-बिट अशीच सांगतो, म्हणून सर्व आदेश ३२-बिट ओळख दाखवणाऱ्या ‘लिनक्स३२’च्या आवरणात चालवले.

रास्पबेरी पायवर बांधणी थेट त्याच यंत्रावर केली. इंटेलहून वेगळ्या जातीचा एआरएम प्रोसेसर असल्याने लॅपटॉपवरील काहीच त्याच्या उपयोगाचे नव्हते आणि त्याच्या चार जीबी मेमरीत काम आरामात बसत होते. एप्रिल महिना होता. पाय ४ चे तापमान ८० अंशांच्या पुढे गेले की ते स्वतःचा वेग कमी करते, आणि वाचनालयाच्या पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ते सतत त्या रेषेवरच होते. म्हणून बांधणी रात्री लावली. रात्री साडेअकराला इन्व्हर्टरची वायर कोणीतरी काढली. सकाळी पुन्हा ‘मेक’ दिले तेव्हा उरलेल्या फाइली कंपाइल झाल्या, पण शेवटी जोडणीच्या टप्प्यावर ‘फाइल अपूर्ण आहे’ अशी त्रुटी आली. वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलचे कंपाइल झालेले रूप) शून्य बाइटची राहिली होती, तिची वेळ मात्र ताजी होती, त्यामुळे ‘मेक’ने ती पूर्ण झाली असे मानले. अशा वेळी शून्य बाइटच्या फाइली शोधून पुसाव्यात, नाहीतर सरळ सगळे साफ करून पुन्हा बांधावे. आमच्याकडे विजेचा भरवसा नसल्याने मी दुसरा मार्ग घेतो.

विंडोजबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण ती बांधणी मी अर्ध्यावर सोडली. लिनक्सवरून मिंगडब्ल्यू-डब्ल्यू६४ या कंपायलरने विंडोजसाठी कार्यक्रम बांधता येतो. परंतु झेडलिब, पीएनजी, जेपेग, टिफ आणि लेप्टोनिका या सर्वांच्या विंडोज आवृत्त्या आधी त्याच रीतीने बांधाव्या लागतात आणि पॅकेज-कॉन्फिग हे लायब्ररींचे पत्ते सांगणारे साधन गाफीलपणे लॅपटॉपच्या स्वतःच्या लिनक्स लायब्ररी पुढे करते. त्या साधनाला फक्त विंडोजचीच फोल्डरे दिसतील असे बंधन घातल्यावर बांधणी पूर्ण झाली, पण तो कार्यक्रम वाचनालयात ‘लिब-एसटीडी-सी++ डीएलएल नाही’ म्हणून अडला. ती लायब्ररी कार्यक्रमातच स्थिरपणे जोडून पुन्हा नेला, तेव्हा खरा पेच समोर आला. वाचनालयाने स्कॅनची नावे देवनागरीत ठेवली होती: ‘स्मरणिका_१९५४_पान१२’ अशी. विंडोजमधील जुन्या पद्धतीचे कार्यक्रम फाइलीचे नाव त्या संगणकाच्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या मर्यादित तक्त्यात) घेतात, आणि देवनागरीसाठी असे कोडपेज विंडोजमध्ये कधी नव्हतेच; परिणामी माझ्या कार्यक्रमाला नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळत होती. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून कार्यक्रमासोबत मॅनिफेस्ट नावाची एक लहान माहिती-फाइल जोडून यूटीएफ-८ (सर्व लिप्यांची अक्षरे सामावणारी पद्धत) चालू करता येते. मी ते करणारही होतो. पण जर्मनीतील मॅनहाइम विद्यापीठाचे ग्रंथालय टेसरॅक्टचे विंडोजसाठीचे इन्स्टॉलर नियमितपणे तयार करते आणि त्यात ५.३.० उपलब्ध होते. एका ग्रंथालयाने केलेले काम दुसऱ्या ग्रंथालयाच्या उपयोगी पडत असताना माझा हट्ट चालवण्यात अर्थ नव्हता. ते बसवले, आणि फाइलींची नावे वर्ष व पानक्रमांक यांच्या इंग्रजी आकड्यांत बदलून घेतली.

सर्व यंत्रे तयार झाल्यावर १९५४ च्या एका स्मरणिकेतील एकच पान, पीएनजी स्वरूपात, पाचही ठिकाणी चालवले आणि मजकूर ओळीला ओळ लावून पाहिला. दोन्ही पेंटियमांचे उत्तर एकमेकांशी जुळत होते, पण रास्पबेरी पायचे त्यांच्याशी कितीतरी ठिकाणी जुळत नव्हते. माझा संशय लगेच एआरएमवरील दशांश आकडेमोडीवर गेला आणि मी दोन दिवस कंपायलरचे पर्याय बदलून पुनःपुन्हा बांधणी करण्यात घालवले. दोष बांधणीत नव्हताच. मराठीच्या प्रशिक्षित विदाची दोन रूपे इथे महत्त्वाची आहेत: ‘बेस्ट’ हा दशांश अंकांचा, अचूक पण मंद, आणि ‘फास्ट’ हा पूर्णांकांत आणलेला, हलका. डेबियनच्या पॅकेजमधून येतो तो ‘फास्ट’. पेंटियमवर मी तो आधीच बसलेला विदा वापरला होता, पायवर मात्र हाताने ‘बेस्ट’ उतरवला होता. दोन्ही फाइलींचे नाव एकच असते. ‘एसएचए२५६’ बेरीज (फाइलीतील मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक) काढली असती तर दोन मिनिटांत कळले असते.

सर्वत्र ‘बेस्ट’ ठेवल्यावर चार यंत्रांचे उत्तर त्या पानापुरते तंतोतंत जुळले. पेंटियम ४ चे तीन अक्षरांत वेगळे राहिले. ३२-बिट इंटेलसाठी जीसीसी मूळतः एक्स८७ हा दशांश आकडेमोडीचा जुना विभाग वापरते आणि तो मधली आकडेमोड ८० बिटांत करतो, तर ६४-बिट इंटेल यंत्रे ती एसएसई२ ने ३२ किंवा ६४ बिटांत करतात. काठावरच्या अक्षराचा निवाडा एवढ्याने फिरतो. पेंटियम ४ ला एसएसई२ येते, म्हणून तसे पर्याय देऊन बांधल्यावर ती तीन अक्षरेही जागेवर आली. एवढे करून ‘बेस्ट’ विदा घेऊन ते यंत्र इतके मंद निघाले की ग्रंथपालांनी ते फक्त मुद्रितशोधनासाठी ठेवले. त्याच्यासाठी घालवलेले दिवस वाया गेले असे ते म्हणाले नाहीत. हिशेब मी मांडला तर तसेच म्हणावे लागेल.

रात्रीच्या कामात पायवर चार पाने एकाच वेळी लावली होती आणि टेसरॅक्ट प्रत्येक पानासाठी स्वतःहून चार धागे उघडते, त्यामुळे सोळा धागे प्रोसेसरच्या चार गाभ्यांवर भांडत होते. ‘ओएमपी थ्रेड लिमिट’ ही धाग्यांची मर्यादा एकवर आणताच सकाळपर्यंत होणारी पाने स्पष्टपणे वाढली.

१० जून २०२३ रोजी डेबियन १२ आले आणि त्यासोबत मिळणारे टेसरॅक्ट ५.३.० हेच होते. आणखी काही आठवडे थांबलो असतो तर डेबियनच्या तिन्ही यंत्रांवर ते एका आदेशाने बसले असते. डेबियनची पुढची आवृत्ती कधी येणार आणि तिच्यात काय असणार हे पाहून मगच सोर्स कोडला हात घालायला हवा होता, हे मी आता वर्गात सांगतो. तेव्हा ते पाहिले नाही.

बांधणीची नोंद मात्र मी पहिल्या फजितीनंतर एका साध्या वहीत ठेवू लागलो होतो: कोणता सोर्स, त्याची बेरीज, कोणत्या प्रणालीत बांधले, कंपायलरला कोणते पर्याय दिले, विदा कोणता, परवान्याची प्रत सोबत ठेवली की नाही. त्या सप्टेंबरात पायचे मेमरी कार्ड खराब झाले, तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने ती वही समोर ठेवून एकट्यानेच बांधणी पुन्हा केली. १९५४ चे पान त्याने जुन्या उत्तराशी ताडून पाहिले, ते जुळले. त्याने मला एकदाच फोन केला, तोही बांधणीपूर्वी बसवायच्या पॅकेजांची यादी वहीत सापडत नाही म्हणून. ती मी लिहिलीच नव्हती.